अंगणवाडी घेतली, पाळणा राहिला

मैत्रिणींनो, शाळेतून निवृत्त होऊन मला आता बरीच वर्षं झाली. पण एक मुलगी अजून डोळ्यांसमोरून हलत नाही. तिची गोष्ट आधी सांगते आणि मग ज्या बाईंबद्दल आज लिहायचंय त्यांच्याकडे वळते.

मी तेव्हा नेवासा तालुक्यातल्या एका खेड्यात प्राथमिक शाळेत शिकवत होते. आपल्या नगर जिल्ह्यातला (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण तोंडातून नगरच येतं) हा उसाचा पट्टा. दिवाळी झाली की कारखान्याचे भोंगे वाजायला लागतात आणि गावाबाहेरच्या माळावर कोप्या उभ्या राहतात. कोणी पाथर्डी-शेवगावकडचे, कोणी बीडकडचे. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत सुटका नाही. बाई अंधारात उठते, भाकरी थापते आणि दिवस उगवायच्या आत फडात जाते. मग लेकरं कुठे ठेवायची? तान्हं फडाच्या कडेला झोळीत. त्याच्याहून थोडं मोठं, पण अजून पाय न फुटलेलं, ते बहिणीच्या कडेवर.

अशीच एक आठ-नऊ वर्षांची मुलगी कोप्यांवरून माझ्या वर्गात येऊन बसली. कडेवर भाऊ. डोळे इतके चमकदार, की फळ्यावर लिहिलेलं पुसायच्या आत पाठ! पण भाऊ रडायला लागला की सगळा वर्ग हसायचा. दोन दिवस मी सोसलं. तिसऱ्या दिवशी तिला सांगितलं, की उद्यापासून बाळाला घरी ठेवून ये. ती मान हलवून गेली. उद्या आली नाही, परवा आली नाही, नंतर कधीच आली नाही.

मी काही वाईट बोलले नव्हते. नियमच तसा होता. पण तिच्या घरी बाळ ठेवायला कोणी होतं का, हा साधा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. तो पडला काही वर्षांनी. एका प्रशिक्षणात ताराबाई मोडकांच्या कोसबाडच्या शाळेची माहिती ऐकत होते आणि ऐकता ऐकता माझी मान खाली गेली. माझ्यासमोर जो प्रश्न आला तोच त्यांच्यासमोर आला होता. मी मुलीला परत पाठवलं. त्यांनी शाळाच बदलली.

आज अंगणवाडी हा शब्द आपल्या रोजच्या बोलण्यातला झालाय. पण तो आपल्याला कोणी दिला, हे विचारलं तर दहातल्या आठ जणी गप्प बसतील. म्हणून हा लेखनप्रपंच.

ताराबाईंचा जन्म 19 एप्रिल 1892 चा, मुंबईतला. माहेरच्या त्या केळकर. वडील सदाशिव पांडुरंग केळकर प्रार्थना समाजाचे कार्यकर्ते, आई उमाबाईही त्याच वळणाच्या. मुलींनी शिकावं, चारचौघांत बोलावं, हे त्या घरात वेगळं सांगावं लागत नव्हतं. आपल्या आज्या ज्या वयात चुलीपुढे बसल्या होत्या, त्या वयात ताराबाई कॉलेजात जात होत्या. 1914 मध्ये त्या बी.ए. झाल्या. त्या काळी बी.ए. झालेली बाई म्हणजे लोकांनी वळून बघावं अशी गोष्ट!

पुढे लग्न झालं. कृष्णा विनायक मोडक हे अमरावतीचे वकील. मोठं घर, नावलौकिक. एक मुलगी झाली, प्रभा. वरून पाहणाऱ्याला वाटावं, काय कमी आहे? पण संसार काही टिकला नाही. 1921 च्या सुमाराला ताराबाई वेगळ्या झाल्या. पदरात लहान लेक आणि पुढे सगळं आयुष्य. आजसुद्धा नवऱ्यापासून वेगळ्या झालेल्या बाईकडे लोक कसे बघतात ते आपल्याला ठाऊक आहे. शंभर वर्षांपूर्वी काय झालं असेल!

ताराबाई रडत बसल्या नाहीत. राजकोटला स्त्रियांच्या बार्टन ट्रेनिंग कॉलेजात प्राचार्यपदाची जागा मिळाली, ती त्यांनी घेतली. मूल वाढवायचं आणि नोकरीही करायची, ही कसरत त्यांनी स्वतः केली. मला वाटतं, पुढे त्यांच्या हातून जे घडलं त्याचं मूळ इथेही असावं. कामावर जाणाऱ्या बाईचा अर्धा जीव घरी लेकराजवळ अडकलेला असतो, हे ज्या बाईनं भोगलंय तिला कोणी समजावून सांगावं लागत नाही.

राजकोटची नोकरी चांगली होती, मानाची होती. पण जवळच भावनगरला एक वेगळाच माणूस एक वेगळीच शाळा चालवत होता. गिजुभाई बधेका त्यांचं नाव. मूळचे वकील. स्वतःच्या मुलाला कसं शिकवावं, या विचारातून ते बालशिक्षणाकडे वळले आणि वकिली सोडून दक्षिणामूर्ती संस्थेत 1920 मध्ये त्यांनी बालमंदिर काढलं. मुलांवर इतकी माया, की गुजरातेत त्यांना लोक मिशाळ आई म्हणायचे. ताराबाई 1923 मध्ये प्राचार्यपद सोडून तिथे गेल्या. गुजराती शिकल्या आणि गिजुभाईंबरोबर लहान मुलांत बसू लागल्या.

त्या वेळी जगभर मारिया माँटेसोरी या इटलीतल्या डॉक्टर बाईंच्या पद्धतीचा बोलबाला होता. आज आपल्याकडे माँटेसोरी म्हटलं की इंग्रजी पाटी, गणवेश आणि भरमसाठ फी डोळ्यांपुढे येते. पण त्यांचं पहिलं बालघर कुठे सुरू झालं माहितेय? 1907 मध्ये, रोम शहरातल्या सान लोरेन्झो नावाच्या गरीब वस्तीत. आईबाप दिवसभर कामावर जायचे आणि लहान मुलं चाळीच्या जिन्यांत, भिंती खराब करत हिंडायची. त्या मुलांना दिवसभर सांभाळण्यासाठी एक खोली दिली गेली, आणि तिथूनच हे सगळं सुरू झालं. म्हणजे मुळात ती कष्टकरी आयांच्या लेकरांची सोयच होती. ती हळूहळू पैसेवाल्यांची कशी झाली, हा वेगळा लेख होईल.

गिजुभाई आणि ताराबाईंनी ही पद्धत जशीच्या तशी उचलली नाही. परदेशी साधनं महाग, आणि आपल्या मुलांना परकी. त्यांनी इथली गाणी, इथल्या गोष्टी, इथले खेळ आणि इथले सण घेतले. 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. शिक्षण पत्रिका निघू लागली, आधी गुजरातीत आणि पुढे मराठीतही. मुलांना मारू नका, भीती घालू नका, त्यांना त्यांच्या हातानं करू द्या, हे आज साधं वाटतं. पण छडी लागे छमछमच्या त्या काळात आईबापांच्या गळी हे उतरवणं सोपं नव्हतं.

नंतर ताराबाई मुंबईला परतल्या आणि 1936 मध्ये दादरच्या हिंदू कॉलनीत शिशुविहार सुरू झालं. त्याचं नाव झालं. इथे थांबल्या असत्या तरी त्यांचं चरित्र लिहिलं गेलं असतं. पण त्यांच्या मनाला एक गोष्ट टोचत होती. हे सगळं पोचत होतं ते शहरातल्या सुशिक्षित घरांपर्यंत. ज्या आईला दिवसभर मजुरीला जावं लागतं, तिच्या मुलाचं काय? त्याला तर बालशिक्षणाची गरज सगळ्यात जास्त.

आणि म्हणून 1945 मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, ताराबाई खेड्यात गेल्या. त्रेपन्नाव्या वर्षी, बरं का! आपण त्या वयात गुडघे धरून बसतो आणि आता काय राहिलंय म्हणतो. गाव होतं बोर्डी, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात समुद्रकाठी. आता ते पालघर जिल्ह्यात येतं. तिथे त्यांनी ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं.

त्यांच्याबरोबर आणखी एक बाई होत्या, त्यांचं नाव घेतल्याशिवाय ही गोष्ट पुरी होत नाही. अनुताई वाघ. पुणे जिल्ह्यातल्या मोरगावचा जन्म. तेराव्या वर्षी लग्न आणि काही महिन्यांतच वैधव्य. त्या काळी अशा मुलीचं आयुष्य स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात संपायचं. अनुताई शिकल्या, शिक्षिका झाल्या आणि 1945 मध्ये एका शिबिरात ताराबाईंना भेटल्या. ती भेट जन्माची ठरली. एक संसार मोडलेली, दुसरीचा संसार सुरूच न झालेला. या दोघींनी हजारो मुलांचा संसार मांडला.

बोर्डीत बालवाडी तर सुरू झाली, पण गरीब वस्तीतली मुलं काही येईनात. बोलावलं तरी नाहीत. का येत नाहीत, याचं उत्तर आपण पटकन देतो, की या लोकांना शिक्षणाचं महत्त्वच नाही. ताराबाईंनी तसं म्हटलं नाही. त्या वस्तीत गेल्या, घरांपुढे उभ्या राहिल्या आणि बघितलं. आई पहाटे कामाला गेलेली. मुलाला अंघोळ घालून, वेणी-भांग करून, धुतलेला कपडा घालून वेळेवर बालवाडीत सोडणार कोण? त्यातून वरच्या आळीत ही मुलं आलेली चालत नाहीत, हेही होतंच.

मग त्यांनी ठरवलं, मुलं बालवाडीत येत नाहीत ना, तर बालवाडी मुलांकडे जाईल. शिक्षिका वस्तीत जायच्या. मुलांना जी वेळ सोयीची, तीच शाळेची वेळ. कोणाच्या तरी अंगणात मुलं गोळा करायची, हातपाय धुवायचे, नखं कापायची, केस विंचरायचे आणि मग गाणी, गोष्टी, खेळ. साधनं काय? शिंपले, चिंचोके, खडे, पानं, करवंट्या. पैसा लागत नाही आणि मुलाला ओळखीचं वाटतं. अंगणात भरते म्हणून ती अंगणवाडी. आज गावोगाव आपण जो शब्द वापरतो, तो असा जन्माला आला.

त्याच सुमाराला त्या सगळ्या भागात वारली आदिवासी वेठबिगारीविरुद्ध उठले होते. पिढ्यान्पिढ्या दुसऱ्याच्या शेतात फुकट राबलेली माणसं. त्यांच्या मुलांपर्यंत पोचायचं तर अजून आत जायला हवं होतं. 1957 च्या सुमाराला ताराबाई आणि अनुताई आपलं काम घेऊन बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. आणि इथे त्यांच्यापुढे तो प्रश्न आला, जो माझ्या वर्गात येऊन बसला होता.

आठ-नऊ वर्षांच्या वारली मुली शाळेत येत नव्हत्या, कारण त्यांच्या कडेवर बाळ होतं. मुलगे येत नव्हते, कारण त्यांच्यामागे गुरं होती. घरचं दारिद्र्यच असं, की चालता येणारं प्रत्येक मूल कामाला जुंपलेलं.

त्यावर त्यांनी काय केलं ते नीट ऐका. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी शाळा कुरणात नेली. गुरं चरताहेत आणि पोरं झाडाखाली शिकताहेत. तिला म्हणायचे कुरणशाळा. आणि मुलींसाठी केली विकासवाडी. एकाच आवारात तीन गोष्टी. तान्ह्यांसाठी पाळणाघर, त्याहून मोठ्यांसाठी बालवाडी आणि सगळ्यात मोठ्यांसाठी प्राथमिक शाळा. मुलगी सकाळी भावाला कडेवर घेऊनच यायची. त्याला पाळणाघरात ठेवायची, मधल्या बहिणीला बालवाडीत बसवायची आणि स्वतः वर्गात जाऊन बसायची. बाळ रडलं तर हाकेच्या अंतरावर. कोणाला परत पाठवायचं नाही. उलट बाळाला आण, म्हणजे तूही येशील.

बघा, पाळणाघर म्हटलं की आपल्याला वाटतं, ही आईची सोय. नोकरीवाल्या बायकांचं काहीतरी. कोसबाडला दिसलं, की पाळणा एक हलवला की तीन जीव सुटतात. तान्हं सावलीत, पोटभर आणि सुरक्षित राहतं. आई निवांत मनानं कामाला जाते, दोन पैसे जास्त मिळवते. आणि मधली, जिचं बालपण भावंडं सांभाळण्यात जाणार होतं, ती शिकते. पाळणा नसेल तर त्याची किंमत आईपेक्षाही ही मधली मुलगी मोजते.

ताराबाईंना 1962 मध्ये पद्मभूषण मिळालं. 31 ऑगस्ट 1973 ला त्या गेल्या. त्यांच्यामागे अनुताईंनी कोसबाडची टेकडी सोडली नाही. 1992 मध्ये अखेरचा श्वास घेईपर्यंत त्या त्याच कामात होत्या.

ताराबाई गेल्यानंतर दोन वर्षांनी, 2 ऑक्टोबर 1975 ला, केंद्र सरकारनं एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली. देशभरात 33 ठिकाणी सुरुवात झाली आणि पुढे ती गावोगाव गेली. केंद्राचं नाव अंगणवाडी. लसीकरण, पोषण आहार, वजन-उंची, गरोदर बाईची तपासणी, तीन ते सहा वर्षांच्या मुलांची शाळापूर्व तयारी, सगळं मोफत. हे छोटं काम नाही. मानधनावर राबणाऱ्या सेविका आणि मदतनीस भगिनींना माझा मनापासून नमस्कार आहे. त्यांनी किती पोरं जगवली याचा हिशेब कोणी मांडलेला नाही.

पण मैत्रिणींनो, एक गोष्ट खटकते. आपण ताराबाईंची अंगणवाडी घेतली, पाळणा मात्र कोसबाडलाच राहिला. अंगणवाडी काही तासांत सुटते, बाईचं काम दिवस मावळेपर्यंत असतं. तीन वर्षांच्या आतल्या बाळाला अंगणवाडीतून आहार घरी मिळतो, पण ते बाळ दिवसभर सांभाळायचं कोणी, याचं उत्तर बहुतेक गावांत मिळत नाही. उत्तर एकच असतं, थोरली बहीण. नाहीतर फडाच्या कडेची झोळी.

कायदा अगदीच गप्प होता असंही नाही. 1948 च्या कारखाना कायद्यातच ठराविक संख्येनं बायका कामाला असतील तर पाळणाघर हवं, अशी अट होती. पण ऊस तोडणारी बाई कारखान्याच्या हजेरीपटावर कुठे असते? ती मुकादमाची. आपला जिल्हा सहकारी साखर कारखानदारीचं माहेरघर म्हणवतो. देशातला नावाजलेला पहिला सहकारी कारखाना प्रवरेच्या काठी उभा राहिला, याचा अभिमान मलाही आहे. त्या साखरेचा चहा आपण रोज पितो. पण ऊस तोडणाऱ्या आईचं बाळ कुठे झोपलं, हे आपल्यापैकी किती जणींनी विचारलं? मी तरी नाही विचारलं. उलट तिच्या मुलीला घरी पाठवलं.

आता थोडी आशेची गोष्ट. केंद्र सरकारच्या मिशन शक्तीमध्ये 2022 पासून पाळणा नावाची योजना आहे. काम करणाऱ्या आयांच्या सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांसाठी अंगणवाडीतच पाळणाघर. महिन्याचे 26 दिवस आणि दिवसाचे साडेसात तास, असं त्यात म्हटलंय. त्यासाठी वेगळी पाळणा सेविका आणि मदतनीस हवी, हेही म्हटलंय. ते फार महत्त्वाचं, कारण आधीच रजिस्टरं भरून थकलेल्या अंगणवाडीताईच्या गळ्यात आणखी दहा तान्ही बांधली तर ना धड अंगणवाडी होईल, ना पाळणा. नाव वाचलं आणि मला एकदम ताराबाई आठवल्या. म्हटलं, चला, उशिरा का होईना, राहिलेला अर्धा भाग कोणाला तरी आठवला.

पण योजना कागदावरून गावात आपोआप उतरत नाही, हे मी तुम्हाला सांगायला नको. ग्रामसभेत पाण्याबद्दल, रस्त्याबद्दल विचारतो तसं हेही विचारायला हवं. आपल्या गावात पाळणा आहे का? नसेल तर कधी होणार? बचत गटाच्या बैठकीत विषय काढा. पुरुष कदाचित हसतील, हसू द्या. शेतात मजुरीला जाणारी, वीटभट्टीवर राबणारी, तुमच्याकडे धुणीभांडी करणारी बाई कदाचित हे विचारायला येऊ शकणार नाही. तिला तेवढ्या वेळाची मजुरी बुडवणं परवडत नाही. आपल्याला परवडतं.

आणि तुमच्याकडे कामाला येणाऱ्या ताईंना एकदा सहज विचारा, की तुम्ही इथे असता तेव्हा धाकट्याला कोण बघतं? उत्तरात थोरलीचं नाव आलं, तर ती कितवीत आहे, तेही विचारा.

माझ्या वर्गातली ती मुलगी आज चाळिशीच्या आत-बाहेर असेल. कदाचित तिच्याही हातात कोयता असेल आणि तिची मुलगी कुठल्यातरी कोपीपुढे भाऊ घेऊन उभी असेल. ती मला भेटायची नाही. पण नंतरच्या वर्षांत कडेवर बाळ घेऊन आलेल्या एकाही मुलीला मी परत पाठवलं नाही. वर्गाच्या कोपऱ्यात एक सतरंजी आणि जुन्या लुगड्याची झोळी बांधून ठेवली होती. साहेब तपासणीला आले की कपाळाला आठ्या घालायचे. मी म्हणायचे, राहू द्या साहेब, हीसुद्धा शाळाच आहे.